सालेमचे चेटूक-खटले : इतिहास आणि कल्पित

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, बोस्टन शहराच्या उत्तरेस सुमारें सोळा मैलांवर, सालेम नांवाचें एक जुनें बंदर आहे. त्याचें नांव जगांत दोन कारणांनीं झालें. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील गलबतें व्यापारासाठीं सुमात्रा, कलकत्ता व मुंबई येथपर्यंत येत असत, हें पहिलें कारण. परंतु तें आज बहुतेकांच्या विस्मरणांत गेलें आहे. दुसरें कारण मात्र तीनशें वर्षांनंतरही ताजें आहे. इ. स. १६९२ या एकाच वर्षीं तेथें चेटूक केल्याच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फांशीं देण्यांत आलें, आणि एका वृद्धाच्या अंगावर दगड रचून त्याचा प्राण घेण्यांत आला. या प्रसंगावर इतक्या कथा, कादंबऱ्या व नाटकें लिहिलीं गेलीं कीं, आज सालेमला जाणारा प्रवासी बहुधा इतिहास पाहण्यास जात नाहीं. वाचलेली किंवा पाहिलेली कथा शोधण्यास जातो. ऑक्टोबर महिन्यांत तर त्या लहानशा शहरांत अलीकडे दहा लाखांहून अधिक माणसें लोटतात. दुकानांत टोकदार काळ्या टोप्या विकल्या जातात. पोलिसांच्या मोटारींवरसुद्धां झाडूवर बसलेल्या चेटकिणीचें चित्र आहे. ज्या गांवांत चेटकीण कधीं नव्हतीच, त्या गांवाची ती निशाणी होऊन बसली आहे! कल्पितानें या वीस मृतांना काय दिलें, त्यांच्यापासून काय हिरावून घेतलें, आणि जागेवर गेलेल्या माणसास त्यांतून काय उमगतें, हाच येथें विचाराचा विषय आहे.

प्रथम घडलें काय, तें पाहिलें पाहिजे. बंदराच्या लगत सालेम ग्राम नांवाची शेतकऱ्यांची वस्ती होती; तिलाच १७५२ पासून डॅन्व्हर्स म्हणतात. लोक प्युरिटन पंथाचे, बायबलावर अक्षरशः विश्वास ठेवणारे. काळ मोठा अस्थिर होता. वसाहतीची जुनी सनद १६८४ सालीं रद्द झाली होती. उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच व त्यांच्या बाजूच्या इंडियन जमाती यांच्याशीं युद्ध चालू होतें, आणि तेथून होरपळून आलेलीं कुटुंबें या भागांत आश्रयास राहिलीं होतीं. गांवांतही धर्मोपदेशक सॅम्युअल पॅरिस याच्या वेतनावरून व सरपणावरून दोन तट पडलेले. अशा वेळीं १६९२ च्या आरंभीं पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी एलिझाबेथ व घरांतच राहणारी नात्यांतील अकरा वर्षांची ॲबिगेल विल्यम्स यांना झटके येऊं लागले. अंग वांकडें होई, किंकाळ्या फुटत. उपाय थकले, तेव्हां वैद्यानें करणीचें निदान केलें. मग अर्थातच, करणी कोणाची, हा प्रश्न उभा राहिला.

२९ फेब्रुवारी रोजीं तीन स्त्रियांवर वारंटें निघालीं. सारा गुड ही दारोदार मागून पोट भरणारी. सारा ऑस्बर्न ही आजारी व लोकनिंदेस पात्र झालेली. आणि टिट्युबा ही पॅरिसच्या घरची गुलाम. जिच्या बाजूनें कोणी उभा राहणार नाहीं, अशा स्त्रीकडेच प्रथम बोट जातें, हें येथेंही खरें ठरलें. परंतु हात एकदां उचलला गेल्यावर तो तेथें थांबला नाहीं. उन्हाळ्याअखेर दीडशेंहून अधिक माणसांवर आरोप झाले होते. सारा गुडची चार-पांच वर्षांची मुलगी डोरोथी हीसुद्धां बेड्या घालून तुरुंगांत ठेवली गेली. अठरा वर्षांनंतर तिच्या बापानें सरकारास कळविलें कीं, तुरुंगांतून सुटल्यापासून पोरीचें डोकें ठिकाणावर आलेंच नाहीं.

हा जमावानें केलेला खून नव्हता, ही गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. वारंट, जबानी, आरोपपत्र, बारा पंच, साक्षी, शिक्षा, असें सर्व कांहीं कायद्याच्या पायऱ्यांनीं झालें. गव्हर्नर विल्यम फिप्स यानें मे महिन्यांत खास न्यायालय नेमलें. त्यावर बसलेले न्यायाधीश वसाहतींतील मोठे प्रतिष्ठित गृहस्थ होते. घात झाला तो पुराव्याच्या एका प्रकारामुळें. पीडित मुलगी सांगे कीं, अमक्या बाईचें छायारूप येऊन मला चिमटे घेतें, गळा दाबतें. तें रूप तिच्यावांचून दुसऱ्या कोणास दिसत नसे. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टाउटन याचें मत असें कीं, सैतानाला निरपराध माणसाचें रूप घेतां येत नाहीं. म्हणून ज्याची छाया दिसली तो गुन्हेगारच. आरोपी त्या वेळीं आपल्या घरीं अंथरुणावर होती असें दहा शेजाऱ्यांनीं सांगितलें, तरी उपयोग शून्य. कारण देह घरीं असला तरी छाया हिंडत असते! जो पुरावा खोटा पाडण्याची एकही वाट उरत नाहीं, तो एकदां न्यायगृहांत शिरला म्हणजे तेथून निरपराध्याची सुटका नाहीं.

रेबेका नर्स हिच्या खटल्यांत हें जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कोठें दिसत नाहीं. वय एकाहत्तर, कानांनीं मंद, लेकुरवाळी व धर्मशील म्हणून सर्वत्र मान्यता. तिच्यासाठीं एकोणचाळीस शेजाऱ्यांनीं अर्जावर सह्या केल्या. त्या दिवसांत अशी सही करणें म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणें होतें. पंचांनीं तिला निर्दोष ठरविलें. तोंच पीडित मुलींनीं न्यायगृहांत आक्रोश मांडला. मुख्य न्यायाधीशानें पंचांना तिच्या एका उद्गाराची आठवण दिली. कबुली दिलेल्या एका कैदी स्त्रीला साक्षीसाठीं आणलें, तेव्हां नर्सबाई, ती तर आमच्यांतलीच, अशा अर्थाचें बोलली होती. पंचांनीं तिला त्याचा अर्थ विचारला. तिला प्रश्न ऐकूंच आला नाहीं. ती गप्प उभी राहिली. त्या मौनाचा अर्थ गुन्हा असा झाला. आपल्याबरोबर तुरुंगांत असलेली, एवढेंच आपल्याला म्हणावयाचें होतें, असा खुलासा तिनें मागाहून केला. पण वेळ गेली होती. १९ जुलै १६९२ रोजीं तिला इतर चौघींसह फांशीं देण्यांत आलें.

याहूनही विपरीत असा एक नियम त्या वर्षीं चालला. ज्यांनीं खोटी कबुली दिली आणि आणखी चार नांवें घेतलीं, तीं माणसें जिवंत राहिलीं. ज्यांनीं खोटें बोलण्याचें नाकारलें, तीं फांसावर गेलीं. कबुली देणारांची संख्या पन्नासांवर गेली. कबुलीवर कायम राहिलेल्या एकालाही फांशी झाली नाहीं. सॅम्युअल वॉर्डवेल यानें दिलेली कबुली परत घेतली, आणि २२ सप्टेंबरला त्याचा अंत झाला. जाइल्स कोरी या ऐशीच्या घरांतील शेतकऱ्यानें खटला चालवून घेण्यासच संमति दिली नाहीं. तेव्हां त्याला निजवून त्याच्यावर दगड रचण्यांत आले, आणि तो १९ सप्टेंबरला गतप्राण झाला. त्याची बायको मार्था हिला तीन दिवसांनीं फांशीं दिलें.

आरोप थोरामोठ्यांच्या दारापर्यंत आले, आणि लोकांना जाग येऊं लागली. ऑक्टोबरांत इंक्रीस मॅथर या वजनदार धर्मोपदेशकानें स्पष्ट लिहिलें कीं, एका निरपराध्याचा बळी जाण्यापेक्षां दहा संशयित सुटलेले बरे. फिप्सनें तें न्यायालय मोडलें. १६९३ मध्यें दुसऱ्या न्यायालयापुढें छायारूपाचा पुरावा वर्ज्य झाला, आणि तेच खटले बघतां बघतां कोसळले. न्यायाधीश बहुतेक तेच, आरोपही तेच. मुख्यतः पुराव्याचा एक नियम बदलला. सालेमच्या साऱ्या इतिहासांत याहून मोलाची गोष्ट नाहीं. पुढें १६९७ च्या जानेवारींत, सार्वजनिक उपवासाच्या दिवशीं, सॅम्युअल सीवॉल हा न्यायाधीश बोस्टनच्या प्रार्थनामंदिरांत सर्वांसमक्ष उभा राहिला व आपला दोष कबूल करणारें पत्र त्यानें धर्मोपदेशकाकडून वाचवून घेतलें. पंचांनींही लेखी क्षमा मागितली. आरोप करणाऱ्या मुलींपैकीं ॲन पुटनम हिनें १७०६ सालीं तसेंच केलें.

आतां कल्पिताकडे वळावें. या विषयाचा पहिला मोठा कथाकार नॅथॅनिअल हॉथॉर्न हा सालेमचाच. त्याचा जन्म १८०४ चा. आरोपींच्या जबान्या कठोरपणें घेणारा जॉन हॅथॉर्न हा त्याच्या आजोबांचा आजा. नातवाच्या या नातवानें आपल्या आडनांवांत एक अक्षर जास्त घातलें, आणि पूर्वजाच्या कृत्याची लाज आपल्या शिरीं घेत असल्याचें छापून प्रसिद्ध केलें. १८५१ मध्यें आलेल्या ‘द हाऊस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या त्याच्या कादंबरींत चेटकाच्या आरोपाखालीं फांसावर चढणारा एक गरीब मनुष्य आपल्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्या श्रीमंताला शाप देतो, आणि तो शाप पिढ्यान्‌पिढ्या त्या घराला भोंवतो. या शापाचें बीज खरें आहे. सारा गुडनें मरतांना, तिला चेटकीण म्हणणाऱ्या धर्मोपदेशक निकोलस नॉइस याला तसाच शाप दिला होता. ज्या वास्तूवरून कादंबरीला नांव मिळालें ती १६६८ ची वास्तु सालेमांत आहे. खटल्यांशीं तिचा संबंध नाहीं. तरी हॉथॉर्नच्या कल्पनेंत एक सत्य आहे. अन्यायाचें कर्ज वारसांच्या नांवेंही निघतें, हें त्यानें स्वतःच्या घरावरून जाणलें होतें.

दुसरी कृति आर्थर मिलरचें ‘द क्रूसिबल’ हें नाटक, १९५३ चें. अमेरिकेंत तेव्हां कम्युनिस्टांचा शोध चालला होता. चौकशी-समित्यांपुढें बोलावलेल्या माणसाला, मित्रांचीं नांवें सांग म्हणजे सुटशील, असें म्हटलें जाई. मिलरला तींत १६९२ ची रीत दिसली. नाटकापूर्वीं तो स्वतः सालेमला गेला आणि त्यानें जुनीं न्यायालयीन कागदपत्रें वाचलीं. पुढें १९५६ सालीं त्याच्यावरच ती पाळी आली, आणि त्यानें नांवें घेण्याचें नाकारलें. या नाटकामुळें सालेमचें नांव सातासमुद्रांपार गेलें, हें त्याचें ऋण मोठें आहे. परंतु रंगभूमीसाठीं त्यानें केलेले बदलही लहान नाहींत. कागदोपत्रीं ॲबिगेल अकरा वर्षांची मुलगी आहे. नाटकांत ती सतरा वर्षांची तरुणी होते. जॉन प्रॉक्टर साठीचा गृहस्थ होता. नाटकांत तो पस्तिशीचा आहे. त्या दोघांचा प्रेमसंबंध होता व त्याच्या सूडांतून सारा अनर्थ झाला, हें तर सर्वस्वी कल्पित. मिलरनें आरंभींच्या टिपेंत बदलांची कबुली दिली आहे. पण टीप कोण वाचतो? नाटक पाहून आलेला प्रवासी त्या प्रेमकथेचा माग काढीत सालेममध्यें हिंडतो.

तिसरी कृति वेगळ्या जातीची आहे. टिट्युबानें कबुली दिली, ती तुरुंगांत राहिली, आणि तुरुंगाचें देणें फेडणाऱ्या कोणा माणसाच्या हातीं विकली गेली. यापुढें कागद मुके आहेत. फ्रेंच भाषेंत लिहिणाऱ्या, ग्वाडलूप बेटावरील मारीझ कोंदे या लेखिकेनें १९८६ च्या कादंबरींत टिट्युबालाच आपली कथा सांगावयास लावलें. खटल्याच्या कागदांत टिट्युबाला इंडियन म्हटलें आहे. कादंबरींत ती आफ्रिकी वंशाच्या आईची मुलगी आहे. म्हणजे येथेंही फरक आहेच. पण ज्या स्त्रीचें आयुष्य नोंदण्याची तसदी कोणीं घेतली नाहीं, तिला वाचा देण्याचें काम कल्पितावांचून कोण करणार?

तेव्हां कथाकारांस दोष देऊन भागत नाहीं. त्यांनींच मृतांना विस्मृतींतून वर काढलें. धोका एवढाच आहे कीं, कथेला एक खलनायक लागतो. मत्सरी तरुणी असो, लोभी जमीनदार असो. तो मिळाला म्हणजे वाचकाचें मन निश्चिंत होतें. १९७६ मध्यें तर राय धान्यावरील विषारी बुरशी खाऊन मुलींना भ्रम झाला असावा, असा तर्क पुढें आला, व त्याच वर्षीं तो खोडलाही गेला. बुरशी हाही एक सोयीचा खलनायकच! कागद मात्र असा एक अपराधी हातीं देत नाहींत. त्यांत भ्यालेल्या मुली आहेत, जुनीं भांडणें उकरणारे शेजारी आहेत, आणि प्रामाणिकपणें चुकीचा पुरावा ग्राह्य धरणारे न्यायाधीश आहेत. दुष्टापासून सावध राहणें सोपें. स्वतःच्या खात्रीपासून सावध राहणें कठीण.

हें ज्याला उमगावें असें वाटेल त्यानें सालेमला जाण्यापूर्वीं डॅन्व्हर्सला जावें. तेथें घरांच्या मागें, झाडींत, पॅरिसच्या घराचा दगडी पाया १९७० सालीं उत्खनन करून उघडा केलेला आहे. पाहण्यासारखें कांहीं नाहीं. चार भिंतींची रेघ तेवढी. एवढ्याशा जागेंतून तो वणवा उठला! जवळच रेबेका नर्सचें घर शेतजमिनीसह जपलेलें आहे. तिचें प्रेत मुलांनीं रात्रीं नेऊन घरच्या जमिनींत पुरलें, असें परंपरा सांगते. तिचें स्मारक १८८५ चें आहे. १८९२ सालीं त्याच्या शेजारीं दुसरा दगड बसविला गेला, आणि त्यावर तिच्या बाजूनें बोलणाऱ्या शेजाऱ्यांचीं नांवें कोरलीं. बळींचीं स्मारकें जगांत पुष्कळ आहेत. बळीच्या बाजूनें सही करणारांचें स्मारक क्वचित्‌च आढळेल. त्याच आवारांत जुन्या प्रार्थनामंदिराची प्रतिकृति उभी आहे. ती मात्र १९८५ मध्यें दाखविल्या गेलेल्या एका चित्रपटासाठीं बांधलेली. खरें घर आणि कल्पिताचें मंदिर येथें एकाच कुरणांत नांदतात. प्रवाशानें दोन्हीं पाहावीं. कोणतें कोणतें, एवढें लक्षांत असूं द्यावें.

सालेम शहरांत जोनाथन कॉर्विन या न्यायाधीशाचें घर आहे. खटल्यांशीं प्रत्यक्ष संबंध असलेली तेथील ही एकच उभी इमारत. लोक तिला चेटकिणीचें घर म्हणतात, पण राहत होता न्यायाधीश! रस्ता रुंद करतांना ती सुमारें पस्तीस फूट मागें सरकविली, आणि १९४८ पासून ती लोकांना खुली आहे. जेथें खटले चालले तें न्यायगृह आज उरलेलें नाहीं.

फांशीच्या जागेची कथा फारच बोधप्रद आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोक गॅलोज हिल नांवाच्या टेकडीच्या माथ्याकडे बोट दाखवीत. १९२१ सालीं सिडनी पर्ली या स्थानिक इतिहासकारानें, जागा माथ्यावर नसून पायथ्याजवळच्या प्रॉक्टर्स लेज या खडकाळ उतारावर आहे, असें मांडलें. पुढें संशोधकांनीं कागद पुन्हां तपासले. १९ ऑगस्ट १६९२ रोजीं रेबेका ईम्स या स्त्रीला चौकशीसाठीं सालेमला आणीत असतां, टेकडीखालच्या घरांतून तिला फांशीला जमलेले लोक दिसले होते. तिच्या जबानींतील या एका वाक्याचा आधार घेऊन, कोणत्या घरांतून काय दिसूं शकतें हें ताडून, २०१६ मध्यें पर्लीचें म्हणणें खरें ठरविण्यांत आलें. ज्या जबानीनें तिला गुन्हेगार ठरवावयाचें होतें, त्याच जबानीनें मृतांची जागा परत मिळवून दिली. १९ जुलै २०१७ रोजीं तेथें साधें स्मारक झालें. औषधांच्या दुकानामागें, राहत्या घरांच्या मधोमध, अर्धवर्तुळाकार दगडी भिंत, तींत एकोणीस नांवें, आणि मध्यें ओकचें एक झाड. या सर्वांना जाळलें, अशी समजूत सर्वत्र आहे. पण इंग्लिश कायद्यानें चेटकाला फांशी होती, आणि त्या वर्षीं सालेमांत कोणालाही जाळलेलें नाहीं.

शेवटीं लिबर्टी स्ट्रीटवरील १९९२ च्या स्मारकाशीं यावें. दगडी भिंतींतून पुढें आलेलीं वीस आसनें. प्रत्येकावर एक नांव व मृत्यूचा दिवस. प्रवेशाच्या फरशींत आरोपींनीं निरपराधित्वाविषयीं काढलेले उद्गार कोरले आहेत, आणि ते भिंतीखालीं मध्येंच तुटतात. न्यायगृहांत त्यांचें बोलणें तुटलें तसेंच. लगतच्या कबरस्तानांत न्यायाधीश जॉन हॅथॉर्न पुरलेला आहे. सीवॉलनें केली तशी जाहीर कबुली त्यानें दिली नाहीं. न्यायाधीश आणि बळी यांच्यामध्यें आज एक भिंत तेवढी आहे.

नांवें मात्र एकदम शुद्ध झालीं नाहींत. १७११ सालीं बावीस जणांचा दोष रद्द होऊन वारसांना भरपाई मिळाली; पण ज्यांच्यासाठीं अर्ज करणारें कोणी नव्हतें, तीं नांवें राहून गेलीं. कांहीं १९५७ च्या ठरावांत आलीं, कांहीं २००१ च्या. एलिझाबेथ जॉन्सन ही अविवाहित, तिला वंशज नव्हते. १६९३ ची शिक्षा अंमलांत आली नाहीं, पण कागदावर ती दोषीच राहिली. नॉर्थ अँडोव्हर येथील एका शाळेंतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनीं आपल्या शिक्षिकेबरोबर जुने कागद वाचले, आमदारांस पत्रें लिहिलीं, आणि २०२२ सालीं तिचें नांव निर्दोष ठरलें. तीनशें एकोणतीस वर्षांपूर्वींचा निकाल शाळकरी मुलांनीं फिरविला.

हा विषय आपल्याकडील श्रोत्यांस परका वाटण्याचें कारण नाहीं. सातपुड्याच्या पाड्यांवर डाकीण ठरविलेल्या स्त्रीचे हाल महाराष्ट्रास ठाऊक आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यांत, अमुक मनुष्य करणी करतो, मंत्रानें जनावरांचें दूध आटवितो, असें भासवून त्याला छळणें हा गुन्हा ठरला आहे. सालेमच्या साक्षींतही मेलेलीं गुरें आहेतच. अमुक स्त्रीची करणी आहे असें कोणीं म्हटलें, तर तें खोटें ठरवितां येण्याची वाट कोणती, हा प्रश्न तेथल्या तेथें विचारणें हेंच त्या वीस आसनांचें सांगणें आहे. सालेममध्यें तो प्रश्न विचारण्यास चार महिने उशीर झाला.